कालिंदीची सही

त्र्यंबक रुईकरांनी टाइप केलेला कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर मिठाची वाटी ठेवली आणि म्हणाले, "कर सही."

मीनाक्षी खाली पाटावर बसून सासूच्या पायाची पट्टी सोडत होती. आक्कांच्या डाव्या अंगठ्याला साखरेची जखम होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. रोज सकाळी जखम धुवायची, नवी पट्टी बांधायची, उकळलेल्या सुईनं इन्शुलिन टोचायचं. हे काम लग्न होऊन घरात आल्यापासून मीनाक्षीकडं होतं. ती शिकलेली नर्स होती, त्यामुळं ते कुणाकडं जावं याची चर्चाही झाली नव्हती.

"हाताला पू लागलाय, भाऊजी. धुऊन येते."

"ये धुऊन. पण कारणं सांगत बसू नको. गेल्या आठवड्यात डोकं दुखत होतं, त्याआधी चतुर्थी होती. आज काय आहे?"

"आज काही नाही," ती म्हणाली.

त्र्यंबकराव तिचे मोठे दीर. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. राजारामपुरीतल्या या घरात त्यांचं बोलणं शेवटचं असायचं, फक्त आक्कांचं त्याच्याही नंतर यायचं. कागदावरचं इंग्रजी त्यांनी स्वतः रचलं होतं आणि कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून तीन प्रतींत टाइप करून आणलं होतं. मजकूर चारच ओळींचा होता. कॅनडाचा कायम रहिवासाचा हक्क मी स्वेच्छेनं आणि कायमचा सोडून देत आहे, त्यावर माझा यापुढं कसलाही दावा राहणार नाही, वगैरे.

हा हक्क मीनाक्षीचा स्वतःचा होता. मिरजेला नर्सिंग करून ती १९७४ साली एकटी कॅनडाला गेली, विनिपेगच्या एका इस्पितळात लागली, आणि तिथल्या सरकारनं तिला कायम राहण्याची परवानगी दिली. तेव्हा ती होती मीनाक्षी दत्तात्रय हुपरीकर. चार वर्षांनी वडिलांना पक्षाघात झाला. आई आधीच गेलेली, भाऊ नाही. सुट्टी टाकून ती आली आणि अडकली. वडील अंथरुणावर दोन वर्षं जगले. ते गेल्यावर ती परत जायला निघाली होती, तर मामांनी स्थळ आणलं. मुलगा कॅनडातच, हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, तिथला नागरिक. नाव नृसिंह रुईकर. मामा म्हणाले, "तुला जायचंच आहे तिकडं. मग एकटी का जातेस?" तिलाही ते पटलं होतं. नृसिंह तीन आठवड्यांच्या रजेवर आला, लग्न करून गेला. जाताना म्हणाला, "मी स्पॉन्सर करतो. वर्षात बोलावून घेतो."

वर्ष उलटून गेलं होतं. नवऱ्यानं चौकशी केली तेव्हा तिथल्या कचेरीनं कळवलं, की बायकोचा जुना हक्क कागदोपत्री जिवंत आहे तोवर तिला नव्यानं स्पॉन्सर करता येत नाही. आधी तो तिनं सोडल्याचं लेखी द्यावं, मग अर्ज. म्हणून हा कागद.

हात पुसत ती टेबलाशी आली आणि उभ्या उभ्या वाचू लागली.

"वाचतेस काय? मी लिहिलंय ते," त्र्यंबकराव म्हणाले.

"भाऊजी, दुसरा एक मार्ग आहे. मी सोडायच्या विचारानं आले नव्हते, असं दाखवता आलं तर परतीचा परवाना मिळतो. बाबांच्या आजाराची डॉक्टरांची प्रमाणपत्रं आहेत, मामांकडं ठेवलीत. नर्सिंगची तिथली नोंदणी दर वर्षी चालू ठेवलीय. माझी ट्रंकसुद्धा तिथं मैत्रिणीकडं आहे, थंडीच्या कपड्यांची."

"ऐकलंत का?" स्वयंपाकघराच्या दारातून शालूवहिनी म्हणाल्या. त्र्यंबकरावांच्या पत्नी. "इथं येताना दोन पातळं घेऊन आली. ट्रंक तिकडं ठेवलीय बाईंनी."

"चार वर्षं झाली तुला येऊन. कोण देतंय तुला परवाना?" त्र्यंबकराव म्हणाले. "दिल्लीत कॅनडाच्या वकिलातीत जाऊन साहेबापुढं उभी राहणार? काय सांगणार? नवरा आहे, पण त्याच्या नावावर यायचं नाही म्हणून?"

"त्यांच्या नावावर यायचं नाही असं नाही. पण माझं आहे ते कशाला सोडू? ते सोडलं आणि काही अडलं तर हातात काहीच राहत नाही."

आक्का इतका वेळ पाय लांब करून बसल्या होत्या. आता त्या बोलल्या. "अडलं तर म्हणजे? काय अडणार आहे? नवरा सोडेल म्हणतेस?"

"तसं नाही म्हणाले, आक्का."

"तसंच म्हणालीस. माझ्या पोराच्या भरवशावर दोन ओळी लिहून द्यायला तुझा हात कापतो. त्याच्याशी लग्न लावताना नाही कापला. की तेव्हा बघितलंस, विमानाचं तिकीट कोण काढणार ते?"

"तिकीट माझं मी काढलं होतं पूर्वी," मीनाक्षी म्हणाली आणि म्हटल्याबरोबर तिला कळलं, की हे बोलायला नको होतं.

"बघा! बघा तोंड!" आक्कांनी पाय इतका झटकला की अर्धी सोडलेली पट्टी पुरती सुटली. "तू मिळवती होतीस ते ठाऊक आहे आम्हाला. सबंध कोल्हापूरला ठाऊक आहे. आता सून आहेस. सही कर आणि ही पट्टी नीट बांध."

तिनं पट्टी आधी बांधली. बांधताना तिच्या मनात पुष्कळ येऊन गेलं, पण वर्षभराच्या रोजच्या कटकटीनं ती थकली होती. या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय कॅनडावर जायचा. नवऱ्याचं पत्र यायचं ते भावाच्या नावे, आणि त्यात तिच्यासाठी शेवटी एक ओळ असायची. सही केली तर निदान हे संपेल, तिकडं जाऊन काय ते दोघांत बघू, असं तिनं स्वतःला समजावलं. पेन उचलून तिनं सरळ विचारलं, "कुठल्या नावानं करू?"

"कुठल्या म्हणजे?"

"तिथं माझं नाव मीनाक्षी हुपरीकर आहे. हक्क त्या नावावर आहे."

खोलीत एकदम थंडी पडल्यासारखं झालं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, कालिंदी. हे नाव आक्कांनी निवडलेलं, त्यांच्या सासूचं. जिवंतपणी त्या सासूचं नाव तोंडातून काढायची आक्कांची छाती झाली नव्हती. आता मात्र दिवसभर घरात "कालिंदी, भांडी!", "कालिंदी, कानात बोळे घातलेस का?" अशा हाका चालायच्या, आणि त्या मारताना आक्कांच्या आवाजाला चांगलीच धार चढायची. सुरुवातीला मीनाक्षीला हाक आपल्यासाठी आहे हे ध्यानात यायचं नाही. त्यावरूनही बोलणी खावी लागली होती.

"त्या नावाची बाई या घरात नाही," आक्का म्हणाल्या. "नृसिंहानं ताटात काय लिहिलं होतं?"

"पण आक्का, तिथल्या दप्तरात…"

"मला इंग्रजी कागदपत्रं शिकवू नकोस," त्र्यंबकराव म्हणाले. "लग्न झालेल्या बाईनं लग्नानंतरचं नाव लिहायचं असतं. मी खाली टाइप करून आणलंय. कालिंदी नृसिंह रुईकर. त्याच्यावर कर."

ती म्हणाली, "मी सांगितलं तुम्हाला," आणि तिनं तिन्ही प्रतींवर सही केली. त्र्यंबकरावांनी कागद उचलून फुंकर घातली, मिठाची वाटी परत जागेवर ठेवली. दुपारी ते स्वतः जाऊन रजिस्टर पोस्टानं दिल्लीला पाठवून आले.

कटकट मात्र संपली नाही. आठ-पंधरा दिवस जरा आवाज खाली होते, मग शालूवहिनींनी हळूहळू दुपारचा स्वयंपाकही तिच्याकडं ढकलला. "तू काय, आज ना उद्या जाणारच. तोवर कर की."

मे महिन्यात फोन आला. घरात फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाला हुसेन पटवेगार यांचं सायकलचं दुकान होतं, तिथला नंबर रुईकरांनी पी. पी. म्हणून सगळ्यांना दिलेला. परदेशातून कॉल आला की हुसेनभाई दुकानातल्या कुणाला तरी पिटाळायचे आणि रुईकरांच्या घरातले लोक चपला शोधत पळायचे.

"या, या, मास्तर, चालूच हाय लाइन," हुसेनभाई म्हणाले. "वैनी, तुमी हितं बसा. त्या पंपावर नगा बसू, त्येल हाय."

मीनाक्षी नवऱ्याशी बोलायला मिळेल म्हणून आली होती. त्र्यंबकरावांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. त्यांना एक सवय होती. वर्गात उतारा सांगताना ते एकेक वाक्य दोनदा म्हणायचे. तीच सवय त्यांना फोनवर लागली होती. पलीकडचं नीट ऐकू येत नसे, म्हणून ऐकलेलं ते मोठ्यानं म्हणून पक्कं करून घेत.

"हां, बोल! सही? सही झाली. पाठवली मार्चमध्ये. काय? 'दिल्लीचं उत्तर आलं की कळव.' कळवतो! काय म्हणतोस? 'अर्ज लगेच भरणार नाही.' लगेच भरणार नाहीस? बरं, भरणार नाहीस."

मीनाक्षी उठून उभी राहिली.

"'आक्का आहे तोवर.' आक्का आहे तोवर! बरोबर आहे तुझं. आम्हाला कुठं जमतंय ते सुईचं. शालूला रक्त बघितलं की चक्कर येते. 'तिचं स्वतःचं आता काही राहिलं नाही, त्यामुळं…' त्यामुळं काय? 'त्यामुळं जाणार कुठं?' हां, हां. जाणार कुठं! 'तिला इतक्यात सांगू नको.' तिला इतक्यात सांगू न…"

इथं त्र्यंबकरावांची नजर तिच्यावर गेली. हुसेनभाई चाकाची तार ताणत होते, ते थांबले. चाक आपोआप थोडं फिरून थांबलं.

"आवाज येत नाही," त्र्यंबकराव फोनमध्ये म्हणाले आणि त्यांनी रिसिव्हर ठेवून दिला.

"मला बोलायचं होतं," मीनाक्षी म्हणाली.

"लाइन गेली."

"लाइन व्हती की मास्तर," हुसेनभाई म्हणाले. "तुमीच ठिवला."

"तुम्ही तुमचं पंक्चर काढा!"

ती तडक घरी आली. आल्यावर आक्कांसमोरच तिनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

आक्कांनी वेळ घालवला नाही. "होतं. त्यात चोरी काय आहे? आई आजारी असताना सुनेनं घरात राहायचं, याला का कट म्हणतात?"

"मग तसं सांगायचं. सही कशाला घेतलीत?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

मीनाक्षीनं खरंच विचार केला. वडिलांसाठी ती राहिली होती. पण तेव्हा तिला कुणी कोंडलं नव्हतं.

"बघ," आक्का म्हणाल्या. "म्हणून घेतली."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सकाळी ती सुई उकळत ठेवायची, काचेच्या नळीत निळं औषध घालून आक्कांच्या लघवीतली साखर बघायची, रंग हिरवा की विटकरी ते पाटीवर लिहायची. घरातले तिच्याशी बोलायचे ते तिला लागावं म्हणूनच. "विनिपेगची राणी," शालूवहिनी भांडी आपटत म्हणायच्या. हक्क गेला असंच ती धरून चालली होती. आपणच आपल्या हातानं तो घालवला, हे तिला नवऱ्याच्या लबाडीहून जास्त टोचत होतं.

दिल्लीचं उत्तर जुलैच्या शेवटी आलं. त्र्यंबकरावांनी ते जेवताना फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, कारण विजय झाल्याची त्यांना खात्री होती. पहिल्या दोन ओळींनंतर त्यांचा आवाज बसला.

"काय म्हणतात?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. तांत्रिक आहे."

"वाचा की, भाऊजी," मीनाक्षी म्हणाली. "एकदाच वाचा, दोनदा नको."

त्यांनी तिच्याकडं रोखून बघितलं, पण वाचलं. कालिंदी नृसिंह रुईकर नावाच्या कुणाही व्यक्तीला कायम रहिवास दिल्याची नोंद आढळत नाही. जो हक्क दिलेलाच नाही तो सोडल्याचं घेता येत नाही. सबब सोबतचा कागद परत पाठवत आहोत. ज्या नावानं प्रवेश दिला गेला त्याच नावानं, त्याच सहीनं, जुन्या पासपोर्टासह नवा कागद पाठवावा.

मीनाक्षीचा घास हातातच राहिला. तिनं तो परत ताटात ठेवला.

"म्हणजे परत सही करायची, एवढंच ना?" शालूवहिनी म्हणाल्या.

"एवढंच," त्र्यंबकराव म्हणाले. "उद्या टाइप करून आणतो. जुन्या नावानं."

"त्या नावाची बाई या घरात नाही," मीनाक्षी म्हणाली.

आक्कांचा चेहरा तांबडा झाला. "माझे शब्द माझ्याच तोंडावर मारतेस?"

"तुमचेच आहेत. मी तेव्हाच विचारलं होतं, कुठल्या नावानं करू. तिघांनी ऐकलंय. मी कालिंदीची सही केली. कालिंदीकडं जे होतं ते तिनं सोडलं. आता मीनाक्षीचं आहे ते मी सोडणार नाही."

"या घरात राहून?"

"या घरात राहायचं की नाही तेही आता बघते."

त्र्यंबकराव उठले. उष्ट्या हातानंच त्यांनी तिच्या खोलीचं दार लोटलं. "पासपोर्ट कुठं आहे? दे इकडं. नृसिंहाच्या बायकोचा पासपोर्ट या घरात माझ्याकडं राहील." कपाट उघडून त्यांनी पातळं बाहेर फेकली. शालूवहिनींनी गादी उलटली. आक्का जागेवरून सूचना देत होत्या, "देवाच्या कोनाड्यात बघ. तांदळाच्या डब्यात हात घाल."

मीनाक्षी दारात उभी राहून बघत होती. पासपोर्ट पट्ट्यांच्या पत्र्याच्या डब्यात होता, गॉजच्या घड्यांखाली. फोनच्या दिवसापासून तिनं तो तिथं ठेवला होता. डबा आक्कांच्या खाटेखालीच होता, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. त्याला जखमेचा वास येतो म्हणून या घरातलं दुसरं कुणी त्याला कधी हात लावत नसे. त्या दिवशीही कुणी लावला नाही.

"लपवलास," त्र्यंबकराव धापा टाकत म्हणाले. "चोरटी आहेस."

"माझाच आहे, भाऊजी. स्वतःचं कुणी चोरतं का?"

मग त्यांनी तिला घराबाहेर जायची बंदी केली. ती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी आक्कांचं इन्शुलिन संपलं आणि औषधांच्या दुकानात तिलाच जावं लागलं. शालूवहिनींना बाटलीचं नाव वाचता येत होतं, पण त्यावरच्या आकड्यांची भीती वाटत होती. त्या फेरीत मीनाक्षीनं दिल्लीला जुन्या नावानं पत्र टाकलं. उत्तर येईल ते मामांच्या पत्त्यावर. डॉक्टरांची प्रमाणपत्रं तिथंच होती.

सप्टेंबरात नृसिंहाचा पुन्हा फोन आला. या वेळी निरोप्या आला तेव्हा मीनाक्षी अंगणात वाळवण काढत होती. ती तशीच निघाली. त्र्यंबकराव मागून पायजम्याची नाडी बांधत येईपर्यंत तिच्या हातात रिसिव्हर होता.

"अहो, मी बोलतेय."

"कोण?"

"मीनाक्षी."

पलीकडं खरखर झाली. "कोण मीनाक्षी?"

"तुमची बायको!" तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. तिचा इलाज नव्हता, ओरडल्याशिवाय तिकडं पोचत नव्हतं.

"हां, कालिंदी. हे काय चाललंय तुझं? दादा म्हणतो, तू सही करत नाहीस."

"नाही करत."

"मग अर्ज पुढं कसा जाणार?"

"तुम्ही तो पुढं नेणार नव्हतातच. आक्का आहेत तोवर."

"कोण म्हणालं तुला?"

"भाऊजी. याच दुकानात उभे राहून. एकेक वाक्य दोनदा."

हुसेनभाईंनी खोकल्याचं सोंग केलं. त्र्यंबकरावांनी रिसिव्हरला हात घातला. तिनं पाठ फिरवली आणि फोनची दोरी हाताभोवती गुंडाळून घेतली.

"ऐक," नृसिंहाचा आवाज आता वेगळा होता, कामगाराला दम भरावा तसा. "तू आडमुठेपणा केलास तर मी तुला स्पॉन्सर करणार नाही. कधीच नाही. कोल्हापुरात कुजत पडशील."

"नका करू. मला दिल्लीनं मुलाखतीला बोलावलंय. माझ्या माझ्या हक्कावर."

त्यानं हे ऐकलं नव्हतं. त्र्यंबकरावांनीही नव्हतं. मागून "केव्हा? कधी आलं पत्र?" असं चाललं होतं.

"माझ्या आईला तशी टाकून जाणार?"

"तुमची आई आहे. तुम्ही या."

"मला इथं नोकरी आहे!"

"मला पण होती," ती म्हणाली. "बाबांसाठी मी ती सोडून आले. तुम्ही आक्कांसाठी या. मी सुई शिकवते तुम्हाला, अवघड नाही."

"परवाना मिळाला तरी माझ्या दारात यायचं नाही. मी न्यायला येणार नाही विमानतळावर."

"मी हॅमिल्टनला येतच नाही."

तिकडून तो काहीतरी बोलला, शिवी होती बहुतेक, आणि लाइन तुटली. तिनं दोरी सोडवून रिसिव्हर जागेवर ठेवला.

"किती झाले हुसेनभाई?"

"तिकडनं आलेल्या फोनचं काय हुतंय व्हय? जावा तुमी," ते म्हणाले. मग त्र्यंबकरावांकडं बघून, "मास्तर, ह्ये घ्या, पानी प्या."

"पाणी नको मला!" त्र्यंबकराव म्हणाले आणि चालू लागले. गल्लीभर ते तिच्या चार पावलं पुढं चालत होते, वळून न बघता, पण ऐकू जाईल असं बोलत. घराण्याची अब्रू, सायकलच्या दुकानात, गिरणीवाल्यांच्या देखत.

मामांबरोबर ती दिल्लीला जाऊन आली. साहेबानं तिला तासभर उलटसुलट विचारलं. वडील गेल्यावर लगेच का परतला नाहीत, या प्रश्नाला तिनं लग्नाचं उत्तर दिलं. नवरा तिथं असताना तुम्ही अजून इथं कशा, यालाही तिनं खरं तेच सांगितलं. तो बराच वेळ लिहीत राहिला. नोंदणीची दर वर्षीची पावती त्यानं दोनदा मागून घेऊन बघितली. परवाना डिसेंबरात आला. एका फेरीपुरता, मुदतीचा, पण मीनाक्षी दत्तात्रय हुपरीकर हिच्या नावाचा.

तेवढ्या महिन्यांत ती रुईकरांच्याच घरात राहिली. मामा चल म्हणाले होते, तिनं ऐकलं नाही. शालूवहिनींना शिकवायचं होतं. वहिनींनी आधी सरळ नाही म्हटलं, मग रडल्या, मग एका मोसंब्यात पाणी टोचायला बसल्या. "तू सुटलीस आणि मला अडकवलंस," त्या सुई खुपसत म्हणायच्या. मीनाक्षी म्हणायची, "तिरपी धरा. हवा काढा आधी." बाकी बोलणं नव्हतं. अशी सात-आठ मोसंबी गेली.

निघायच्या सकाळी आक्कांनी शालूवहिनींचा हात झटकला.

"ही नको. हिचा हात लाकडासारखा आहे. तू टोच."

"वहिनीच टोचतील, आक्का. मी बघते."

"मला हिच्या हवाली करून चाललीस. मारेल ही मला." आक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं होतं की भीतीचं, हे मीनाक्षीला ठरवता आलं नाही. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच असं काही ऐकलं होतं, ज्यात हुकूम नव्हता. तिचा हात सुईकडं गेलासुद्धा. मग तिनं तो मागं घेतला. आज आपण टोचली तर उद्या आक्का वहिनींना हात लावू देणार नाहीत, हे तिला कामाच्या अनुभवानं ठाऊक होतं.

"टोचा, वहिनी."

वहिनींनी डोळे अर्धे मिटून टोचली. बरोबर गेली. आक्का किंचाळल्या, पण सुईमुळं नाही. "जा! जा, तोंड काळं कर! तांदळात लिहिलेलं नाव कधी पुसत नाही म्हणतात, तुझं पुसलं बघ!"

मीनाक्षीनं सुई धुऊन ठेवली, पट्ट्यांचा डबा वहिनींच्या पायाशी सरकवला आणि पिशवी उचलली. त्र्यंबकराव पेपर तोंडापुढं धरून बसले होते. त्यांनी तो खाली केला नाही.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. हुसेनभाई दुकानाची फळी काढत होते.

"निगालासा?"

"निघाले."

"आनि तुमच्या सायबाचा फोन आला तर काय सांगू?"

ती रिक्षात बसली, पदर खोचला. "वहिनींना बोलवा," ती म्हणाली. "आक्कांच्या साखरेचा रंग आजपासून त्या बघतात."